आधी दगड, मग पाऊस

वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलं की तीसेक किलोमीटरमध्ये पाऊस कुठल्या कुठे जातो. खाली वर्षाला हजार मिलिमीटरच्याही आत, वर साडेपाच-सहा हजार. दगड मात्र तोच. खाली काळा कातळ, वरही काळा कातळ, फार तर माथ्यावर जांभ्याची टोपी. शारजाहून खोर कलब्याला निघालात तर नेमकं उलटं घडतं. शंभरेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर पाऊस बदलतो तो न बदलल्यासारखा, आणि पायाखालची जमीन मात्र पाच-सहा वेळा कूस बदलते.

आखातात राहणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायचं कारण म्हणजे निसर्गाचा नकाशा काढायला बसलं की आपला हात आपोआप पावसाकडे जातो. कोकण, मावळ, दुष्काळी पट्टा ही आपली शाळेपासूनची विभागणी पावसाची आहे आणि महाराष्ट्रापुरती ती बरोबरही आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग एकाच बेसॉल्टखाली असल्यावर फरक करणार तो पाऊसच. संयुक्त अरब अमिरातीत हीच सवय आड येते. इथे आधी दगड बघायचा, मग जमिनीचा आकार, आणि हवामान तिसरं.

ही अक्कल मला नकाशा फसल्यावर आली. काही वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघांनी पावसाचे आकडे आणि उपग्रहाचं चित्र घेऊन अमिरातीचे निसर्गविभाग पाडले. हिरवं दिसेल ते एका रंगात, पिवळं दुसऱ्या, करडं तिसऱ्या. नकाशा देखणा झाला होता. पुढच्या हिवाळ्यात त्यातल्या एका ‘हिरव्या प्रदेशात’ गेलो तेव्हा समोर ठिबकच्या नळ्या दिसल्या. मलीह्याजवळ २०२२ साली शारजाने ४०० हेक्टरवर गव्हाची शेती सुरू केली, तिची हिरवी वर्तुळं अवकाशातूनसुद्धा दिसतात. धैदच्या बागा, दुबईची हिरवळ, महामार्गाच्या कडेची झाडं यांचंही तेच. इथे हिरवा रंग बहुतेक वेळा नळाचा पत्ता सांगतो. म्हणून पहिला नियम असा, की निसर्गविभाग आणि जमिनीचा वापर हे दोन वेगळे कागद ठेवायचे. जुमेराच्या किनाऱ्यावर माणसाने भर घालून केलेलं ताडाच्या आकाराचं बेट वापराच्या कागदावर जातं. विभागाच्या कागदावर तिथे उथळ समुद्रच राहतो.

घरी बसून

निसर्गविभाग म्हणजे असा तुकडा, जिथे खडक, जमिनीचा आकार आणि हवा मिळून ठरावीक झाडाझुडपांना राहू देतात. जगाचे असे नकाशे तयार आहेत. २००१ मध्ये जागतिक पातळीवर जमिनीचे ८६७ विभाग पाडले गेले, २०१७ मध्ये ते पुन्हा आखून ८४६ झाले. भारतासाठी रॉजर्स आणि पनवार यांनी १९८८ मध्ये दहा जैवभौगोलिक क्षेत्रं सांगितली. जगाच्या नकाशात अमिरातीच्या वाट्याला मोजकेच रंग येतात. चौकट म्हणून ते ठीक आहेत, पण शाळेचा प्रकल्प, निसर्गफेरी किंवा ‘अंगणात काय लावू’ या प्रश्नाला त्यांचा उपयोग नाही.

आपला नकाशा काढण्याआधी मोजमाप ठरवा. एकास अडीच लाख या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. दोनशे मीटर रुंदीची वादी, म्हणजे डोंगरातून उतरणारं कोरडं पात्र, त्यात एक मिलिमीटरही भरत नाही. ती क्षेत्र म्हणून रंगवता येणार नाही, रेघ म्हणूनच दाखवावी लागेल. हे आधी ठरवलं नाही तर डोंगरातला सगळ्यांत जिवंत भाग नकाशातून गळतो, कारण तिथली झाडं, बेडूक आणि मासे त्या मिलिमीटरभर रेघेतच राहतात.

मग उंचीची माहिती उतरवून घ्या. अमेरिकेच्या अंतराळयानाने २००० साली रडारने मोजलेल्या उंच्या तीस मीटरच्या चौकटीत फुकट मिळतात, आणि क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून चढ आणि सावल्या काढून देतं. इथे एक खड्डा आहे. लिव्याकडच्या वाळूच्या टेकड्या इतक्या प्रचंड आहेत की संगणक त्यांना डोंगर समजतो. यावर माझा उपाय साधा आहे. कोरडी वाळू ३४ अंशांपेक्षा फार चढी उभी राहत नाही, घसरते. धान्याच्या राशीला जसा ठरलेला उतार असतो तसंच. तेव्हा ३५ अंशांच्या वरचा चढ जिथे सलग दिसेल तो खडक धरा. त्याखालच्या चढावर मात्र वाळू की दगड हे उंची सांगणार नाही, त्यासाठी भूस्तराचा नकाशा लागतो. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने इथल्या ऊर्जा मंत्रालयासाठी २००२ पासून पुढची काही वर्षं हे काम तपशिलात केलं आहे. अबूधाबीच्या पर्यावरण संस्थेने मातीची पाहणी केली आहे आणि उपग्रहचित्रांवरून अधिवासांचा नकाशाही बनवला आहे. या कामांवर डोळा ठेवून आपला कच्चा आराखडा काढावा. आपण त्यांच्याशी स्पर्धा करायला बसलेलो नाही.

भूस्तराचा नकाशा पहिल्यांदा बघणारा भांबावतो, इतके रंग असतात. सगळे लागत नाहीत. झाडाच्या मुळाला काय फरक पडेल एवढंच विचारा आणि रंग एकत्र करत जा. अमिरातीपुरते सहा गट पुरतात: किनाऱ्याचा चिखल आणि चुनखडी वाळू, सबखा (मिठाची पापुद्री धरलेली सपाट जमीन), वाळूच्या टेकड्या, दगडगोट्यांचं मैदान, चुनखडीचे डोंगर आणि समुद्रतळाच्या खडकाचे डोंगर.

यातला शेवटचा गट जगात फार थोड्या ठिकाणी इतका उघडा दिसतो. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास तयार झालेला समुद्राचा तळ आणि त्याखालचा पृथ्वीच्या प्रावरणाचा भाग अरबस्तानच्या काठावर रेटला गेला. भूशास्त्रात त्याला ओफिओलाइट म्हणतात. ओमान आणि अमिराती मिळून तो सुमारे पाचशे किलोमीटर पसरला आहे. आपला दख्खनचा लाव्हा ओतला गेला तो त्यानंतर जवळपास तीन कोटी वर्षांनी. या खडकात मॅग्नेशियम भरपूर, कॅल्शियम कमी, आणि निकेल-क्रोमियम वर. सगळ्याच झाडांना हे जेवण मानवत नाही. उत्तरेला रास अल खैम्यात मात्र डोंगर चुनखडीचा. तिथे पाणी भेगांतून खाली उतरतं आणि वर खडखडाट राहतो. फुजैऱ्याच्या ओफिओलाइटात वादी वुरैयासारख्या ठिकाणी डोह वर्षभर टिकतात. दुरून दोन्ही डोंगर सारखेच उघडेबोडके दिसतात, पण नकाशात त्यांना एका रंगात टाकून चालणार नाही.

आता हवामान. ते तिसरं म्हटलं तरी सोडून द्यायचं नाही, फक्त सरासरीवर विश्वास ठेवायचा नाही. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा कधी नव्हता. देशाचा वर्षाचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. तुमच्या हाती दहा वर्षांचे आकडे असतील तर त्या एका दिवसाने सरासरी पंचवीस मिलिमीटरने फुगते आणि अल ऐन नकाशावर उगाच ओलं होतं. म्हणून वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि मधलं वर्ष घ्या.

पावसापेक्षा दोन गोष्टी इथे जास्त खऱ्या ठरतात. पहिली, समुद्रापासूनचं अंतर. किनाऱ्यालगत धुकं आणि दव पडतं, आत सरकत गेलं की ते विरळ होतं. दुसरी, उंची. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उष्णता कमी होते. जबल जैसचा माथा एकोणीसशे मीटरच्या आसपास, म्हणजे खालच्या मैदानापेक्षा दहा-बारा अंश थंड. तिकडच्या उंच भागात रानबदाम तग धरतो तो याच जोरावर. तेव्हा नकाशात समुद्रापासून एक रेघ आणि हजार मीटर उंचीची एक रेघ ओढा, हवामानाचं काम बऱ्यापैकी भागतं. बेन्नो बोअर यांनी १९९७ मध्ये इथल्या हवामानाचे चार पट्टे सांगितले: किनारा, डोंगर, दगडगोट्यांचं मैदान आणि आतलं वाळवंट. नावं वाचलीत तर लक्षात येईल, की हवामानाच्या पट्ट्यांनाही शेवटी जमिनीचीच नावं मिळाली आहेत.

वाटी, व्हिनेगर आणि लोहचुंबक

कच्चा नकाशा झाला की नोव्हेंबर ते मार्चमधल्या एखाद्या शनिवारी पहाटे गाडी काढा. सामान फार नाही: वही, फोनमधला जीपीएस, स्टीलच्या दोन वाट्या, चमचा, पांढऱ्या व्हिनेगरची बाटली, फ्रिजवर चिकटवतात ते लोहचुंबक आणि एक पातळ प्लास्टिकची पिशवी. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवू नका. आतल्या रस्त्यावर वळून, पक्क्या जमिनीवरच उभी करा.

सुरुवात अजमानच्या अल झोऱ्यापासून करावी. तिथे तिवर आहे, आपल्या ठाण्याच्या खाडीत असते तीच जात, स्थानिक नाव कुर्म. काठावरची चमचाभर पांढरी वाळू वाटीत घ्या, तेवढंच व्हिनेगर घाला आणि कान वाटीजवळ न्या. फोडणीत मोहरी पडल्यावर शेवटी शेवटी येतो तसा बारीक चुरचुर आवाज येईल आणि कडेने फेस चढेल. ही वाळू म्हणजे बहुतांशी शिंपल्यांचा चुरा. आता तीस-चाळीस किलोमीटर आत जा, जिथे टेकड्या तांबूस होतात. दुसऱ्या वाटीत तोच प्रयोग केला की आवाज मंदावलेला असतो. इथे गारेचे कण वाढले, त्यांच्यावर लोहाचा गंज चढला आणि चुना कमी झाला. रंग फसवतो, सकाळी तांबडी दिसणारी वाळू दुपारी पिवळी दिसते; वाटी सहसा फसवत नाही. दोन्ही ठिकाणच्या नोंदीपुढे ‘फेस खूप’, ‘फेस थोडा’ एवढंच लिहा. मी एका फेरीत असे अकरा थांबे घेतले होते आणि वाळूच्या दोन विभागांमधली सीमा मला त्या आवाजावरूनच सापडली.

मलीह्याला पोचलात की समोर जबल फायाची रांग उभी राहते. हा परिसर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. इथल्या चुनखडीत सात कोटी वर्षांच्या आसपासचे शंख-शिंपले दगड होऊन बसले आहेत. हात लावून बघा, उचलू नका. वाऱ्याने आणलेली वाळू या रांगेच्या अंगावर चढलेली दिसते, आणि रांग ओलांडली की पलीकडे दगडगोट्यांचं मैदान लागतं. डोंगरातून आलेल्या वाद्यांनी पंख्यासारखा पसरलेला हा गाळ आहे. डोंगराशी गोटे नारळाएवढे, दूर जाल तसे बोरांएवढे. इथली वाळू कागदावर पसरा, लोहचुंबक पिशवीत गुंडाळून वरून फिरवा. काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहतात. ते मॅग्नेटाइट, डोंगरातल्या ओफिओलाइटातून आलेलं. पिशवी एवढ्यासाठी की ते कण चुंबकाला एकदा लागले की निघता निघत नाहीत.

झाडं या मैदानावर उत्तम साक्ष देतात. छत्रीसारखा सपाट माथा आणि लांब पांढरे काटे असलेली बाभळीची भावकी दिसली, इथे तिला समर म्हणतात, की खाली बहुधा गोटे असतात. गाफ दिसला की वाळू, आणि खोलवर कुठेतरी पाणी. गाफ म्हणजे दुसरं कुणी नसून आपली शमी, दसऱ्याला पूजतात तीच. अमिरातीने २००८ मध्ये तिला राष्ट्रीय वृक्ष केलं. इथल्या मराठी घरांत दसऱ्याच्या आधी शमीच्या फांदीसाठी शोधाशोध होते आणि ती कार पार्किंगच्या कडेलाच उभी असते, हे मी कितीदा पाहिलंय. (फांदी मात्र तोडू नये, नमस्कार करावा.) पण पुरावा म्हणून झाड मोजताना एक पथ्य पाळा: रांगेत उभं असलेलं झाड मोजू नका. ते लावलेलं आहे. वेड्यावाकड्या अंतरावर, वेगवेगळ्या वयाची झाडं दिसली तरच वहीत घ्या.

दुसरं पथ्य जनावरांचं. काही न उगवलेल्या जमिनीला लगेच नापीक म्हणू नका, तिथे उंट आणि बकऱ्या जेवून गेलेल्या असतात. चोहीकडे फक्त रुईच माजलेली दिसली तर समजा की तिच्याशिवायचं सगळं चरून झालं आहे. कुठे कुंपण असेल तर आतली आणि बाहेरची झुडपं ताडून पाहा. विभाग तोच असतो, फरक पोटाचा असतो.

मैदान संपून रस्ता डोंगरात शिरतो ती जागा नकाशातली सर्वांत ठाशीव रेघ आहे. तिथे बिनधास्त जाड पेन वापरा. वाळू आणि गोट्यांच्या मैदानाची सीमा मात्र तशी नाही. वाळूच्या जिभा मैदानात घुसतात, वाऱ्याने सरकतात. ती तुटक रेघेनेच दाखवा. सगळ्या सीमा सारख्याच ठळक काढलेला नकाशा मला तरी संशयास्पद वाटतो.

डोंगरात रस्त्यासाठी कापलेल्या भिंती बघा. वरून गंजलेल्या लोखंडासारखा तपकिरी दगड आतून काळपट हिरवा असतो, आणि त्यातून पांढऱ्या शिरा धावतात. व्हिनेगरची परीक्षा इथे जपून करा. काही शिरांवर फेस येतो आणि नवखा माणूस ‘चुनखडी’ लिहून मोकळा होतो. शिरेवर नव्हे, मूळ दगडावर थेंब टाका, काहीच होणार नाही. उलट चुनखडीच्या भावकीतला डोलोमाइट अखंड असताना गप्प बसतो. तिथे खिळ्याने खरवडून भुकटीवर थेंब टाकावा लागतो.

या मार्गावर सबखा येत नाही, ती बघायला अबूधाबीच्या पश्चिमेचा किनारा गाठा. भरतीरेषेच्या जेमतेम वर, टेबलासारखी सपाट, मिठाची पापुद्री धरलेली जमीन. खारं भूजल हातभर खोलीवर असतं, ते वर ओढलं जातं, पाणी उडून जातं आणि मीठ नि जिप्सम मागे राहतं. आपल्या कोकणातल्या खाजणाशी तिची तुलना करायचा मोह होतो, पण खाजणात भात होतो आणि पावसाळ्यात मीठ धुऊन निघतं. इथे धुणारा पाऊसच नाही. सबखेवर गाडी घालू नका, वरची पापुद्री वजन पेलत नाही.

वादीचंही सांगून ठेवतो. आकाश भरून आलं असेल तर नकाशा, प्रकल्प सगळं बाजूला ठेवून परत फिरा. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या डोंगरातला पाऊस पात्रात लोंढा आणतो. २०२३ पासून वाहत्या वादीत गाडी घालणाऱ्याला दोन हजार दिरहॅम दंड, परवान्यावर २३ काळे गुण आणि साठ दिवस गाडी जप्त अशी शिक्षा आहे. ती जास्त वाटत असेल तर एकदा पुरानंतरचं पात्र बघून या.

दोन तिवरं, दोन रंग

रस्ता संपतो तो खोर कलब्याला, ओमानच्या आखातावर. इथे पुन्हा तिवर. सकाळी जिथून निघालात तीच जात. मुलीने विचारलं होतं, मग दोन्ही ठिकाणी एकच रंग का नको?

हा प्रश्न प्रत्येक नकाशात कुठे ना कुठे येतो, आणि त्याचं उत्तर झाडाकडे पाहून देऊ नये. पश्चिमेचं आखात सरासरी पस्तीस मीटर खोल, म्हणजे दहा-अकरा मजली इमारत बुडेल न बुडेल एवढंच. पाणी तापतं, आटतं, खारटपणा हजारी चाळीसच्या वर जातो. तिवराखाली चुनखडी गाळ. पूर्वेचा समुद्र किनाऱ्यापासून दूर तीन हजार मीटरच्याही खाली जातो, त्याचं पाणी तुलनेने कमी खारट. तिवराच्या पाठीला ओफिओलाइटचा डोंगर, आणि वाद्या थेट त्या डोंगराचे गोटे खाडीपर्यंत आणून टाकतात. खडक वेगळा, भूरूप वेगळं, समुद्र वेगळा. फक्त झाड एक. झाड चिवट आहे म्हणून दोन्हीकडे जगतं. मी दोन रंग दिले, तुम्हीही द्या.

कलब्याच्या जुन्या तिवरांच्या ढोलीत एक खंड्या घरटं करतो, पाठ निळी-हिरवी आणि गळ्याभोवती पांढरा पट्टा. त्याच्या उपजातीचं शास्त्रीय नावच कलब्यावरून ठेवलेलं आहे, आणि तिचं घर म्हणजे ही खाडी नि तिला लागून ओमानच्या किनाऱ्यावरची मोजकी तिवरं. ओहोटीला, ऊन चढायच्या आत गेलात तर तो काठावरून दिसतो.